बाटलीवरचं नाव नंतर वाच, आधी आतली चमकी बघ

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. व्हिडिओ गेम आणि अंतराळ या दोन गोष्टींचं मला लहानपणापासून वेड. न्यू जर्सीच्या चुलत बहिणीने येताना हाताने बनवलेल्या चमकीच्या नेलपॉलिशच्या दोन बाटल्या आणल्या. एक काळी, तिच्यात पिवळे गोल आणि रंगीत ठिपके. दुसरी निळी-जांभळी, तेजोमेघासारखी, म्हणजे अंतराळातल्या रंगीत ढगासारखी. बाटलीत बघून हरखून गेले. लावल्यावर मात्र नखं खरखरीत झाली, पिवळा गोल एकही आला नाही आणि काढताना जीव मेटाकुटीला आला. असा संग्रह करण्यात अर्थ आहे का? निवडायचं कसं, लावायचं कसं, काढायचं कसं? आणि घरी बनवता येईल का?"

अर्थ आहे. मी अमेरिकेत असताना या नादाला लागले आणि पुण्यात परत आल्यावरही तो सुटलेला नाही, त्यामुळे माझ्याकडून 'नको' हे उत्तर येणारच नव्हतं. तुझ्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: बाटलीत काय काय घातलंय आणि ते तिथे कसं वागतं, हे तुला अजून कोणी सांगितलेलं नाही. ते एकदा कळलं की निवडणं, लावणं, काढणं हे तीनही प्रश्न बरेचसे सुटतात. म्हणून थोडं लांबून सुरुवात करते.

हा प्रकार मुळात अमेरिकेतला. हाताने केलेल्या वस्तू विकण्यासाठी एट्सी हे संकेतस्थळ 2005 साली सुरू झालं, आणि 2010 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथे आणि ईबेवर घरगुती नेलपॉलिशची लाट आली. त्या काळातल्या लिंडरेला या निर्मातीचं नाव जुने संग्राहक अजून आदराने घेतात. पारदर्शक पॉलिशमध्ये वेगवेगळ्या आकारांची, मापांची आणि रंगांची चमकी एकत्र घालण्याची चटक बहुतेकींना तिच्या बाटल्यांनी लावली. नर्डलॅकर हे दुसरं घरगुती नाव तर उघडउघड गीक मंडळींसाठी, म्हणजे खेळ, मालिका, विज्ञान यांचं वेड असलेल्यांसाठी होतं. मोठ्या कंपन्यांनाही वारं लागलं. 2012 साली ओपीआय आणि चायना ग्लेझ या दोघींनी गाजलेल्या चित्रपटांशी करार करून रंगमालिका काढल्या. त्या वाईट नव्हत्या, पण कारखान्यातला रंग सगळ्यांना आवडावा लागतो. घरच्या टेबलावर शंभरेक बाटल्या भरणारीला तशी सक्ती नसते. एखाद्या मालिकेतल्या एका भागातल्या एका दृश्यासाठी ती अख्खा रंग बनवू शकते, आणि तो ज्या शंभर जणींना कळतो त्या तो घेतात. गीक लोक आणि चमकी यांचं जमलं ते यामुळे.

पुढे यातल्या काही जणींचे व्यवस्थित व्यवसाय झाले. इंडियानातलं केबीशिमर, न्यू यॉर्कचं सर्क कलर्स ही त्यातली नावं. पॉलिश पिकअप नावाच्या उपक्रमात दर महिन्याला एक विषय ठरतो, अनेक छोट्या निर्मात्या त्यावर एकेक रंग करतात, ठराविक दिवस मागणी घेतात आणि मागणीनुसार बाटल्या भरतात. विषय कधी एखादा खेळ, कधी पुराणकथा, कधी विज्ञान. किंमत साधारण 10 ते 15 डॉलरच्या घरात असते. बाटली बहुधा 10 ते 15 मिलिलिटरची, छोटी हवी तर निम्म्या मापाची.

आता बाटलीच्या आत. नेलपॉलिशचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग म्हणजे उडून जाणारं द्रावक, मुख्यतः इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट. नखावर जी फिल्म उरते ती नायट्रोसेल्युलोजची. तिला लवचीकपणा देणारे आणि नखाला धरून ठेवणारे घटक वेगळे. चमकी म्हणजे पॉलिएस्टरची अतिशय पातळ फिल्म. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवतात, त्यावर रंगाचा थर चढवतात आणि मग तिचे बारीक तुकडे कापतात. पॉलिएस्टरची घनता सुमारे 1.38 आणि द्रावकाची 0.9 च्या आसपास. म्हणजे चमकी बुडणारच. ती तरंगत राहावी म्हणून पॉलिशच्या बेसमध्ये, म्हणजे चमकी ज्यात मिसळतात त्या द्रवात, हेक्टोराइट किंवा बेंटोनाइट जातीची खास प्रक्रिया केलेली माती घालतात. ही माती स्थिर असताना जेलीसारखी घट्ट राहते आणि हलवलं की सैल होते. हाताने बनवणारीचं निम्मं कसब या बेसमध्ये असतं. माती कमी पडली तर जड तुकडे तळाशी बसतात, जास्त झाली तर पॉलिश ब्रशवरून उतरत नाही.

तुझे पिवळे गोल का आले नाहीत, ते इथे कळतं. मोठे तुकडे सगळ्यांत आधी तळ गाठतात, तू ब्रश घालतेस तो वरच्या भागात. अशी बाटली वापरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं उलटी ठेवायची. मग दोन तळव्यांमध्ये धरून फिरवायची. जोरात घुसळलीस तर हवेचे बुडबुडे शिरतात आणि ते नखावर दिसतात.

बाटली उजेडात धरून आणखी एक गोष्ट बघायची. चमकीच्या तुकड्यांवरचा रंग द्रावकात टिकणारा नसेल तर तो हळूहळू बेसमध्ये उतरतो. लाल चमकीची बाटली काही महिन्यांनी लालसर पाणी आणि चंदेरी तुकडे अशी दिसायला लागते. सुरुवातीच्या काळात हे सर्रास व्हायचं. आता चांगल्या निर्मात्या द्रावकात टिकणारीच चमकी वापरतात आणि विक्रीआधी महिनोन्‌महिने बाटली ठेवून पाहतात. मोठे तुकडे द्रावकात राहून वळतात, वाटीसारखे होतात, हाही एक दोष. वळलेला तुकडा नखावर कधीच सपाट बसत नाही, त्यामुळे तशी जुनी बाटली कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नकोस.

आता गीकपणाकडे येते, कारण माझं मत इथे जरा कडक आहे. या बाजारात खूप बाटल्या अशा असतात की ज्यांचं फक्त नावच गीक असतं. जांभळ्या पॉलिशमध्ये चंदेरी चमकी घातली, एखाद्या मालिकेतल्या संवादावरून नाव ठेवलं, झालं. नाव झाकलं तर तीच बाटली वाढदिवसाची, दिवाळीची, कशाचीही होऊ शकते. मी त्या घेत नाही. मला हवी ती बाटली अशी, की लेबल नसलं तरी जाणकाराने नखाकडे बघून ओळखावं. आणि ते शक्य असतं, कारण चमकीला आकार असतो, माप असतं, आणि थरांची खोली असते.

तुझी काळी बाटलीच घे. पिवळे गोल, पांढरे बारीक ठिपके, आणि लाल, गुलाबी, आकाशी, नारिंगी असे चार रंगांचे तुकडे. हा 1980 सालचा पॅक-मॅन हा व्हिडिओ गेम आहे, पिवळा गोल ठिपके खात भुतांपासून पळतो तो, हे तुला वेगळं सांगायला नको. चार रंग म्हणजे चार भुतं. निर्मातीने पांढरे ठिपके सगळ्यांत लहान ठेवले असतील आणि गोल सगळ्यांत मोठे, तर तिने तो खेळ मनापासून खेळला आहे. गोल चमकी महाग पडते, हेही लक्षात ठेव. षटकोन किंवा चौकोन एकमेकांना चिकटून कापता येतात, फिल्म वाया जात नाही. गोल कापले की मधल्या जागा फुकट जातात. म्हणून बहुतेक चमकी षटकोनी असते. ज्या बाटलीत गोल आहेत, तिथे ते मुद्दाम घातलेले असतात.

चौकोनी तुकडे हे आयतेच पिक्सेल. सात रंगांचे चौकोन एकत्र दिसले की मी आधी टेट्रिस या खेळातल्या ठोकळ्यांचे रंग मोजून बघते: आकाशी, पिवळा, जांभळा, हिरवा, लाल, निळा, नारिंगी. सातही असतील तर बाई पक्की. काळ्या बेसमध्ये नुसती धुळीइतकी बारीक हिरवी चमक असेल तर ती जुन्या संगणकाच्या हिरव्या अक्षरांच्या पडद्याची आठवण. यात एकही मोठा तुकडा असू नये, कारण त्या पडद्यावर मोठं असं काही नव्हतंच.

अंतराळावरच्या बाटल्या सगळ्यांत जास्त निघतात आणि सगळ्यांत जास्त फसतात. काळ्यावर निळी-जांभळी चमकी टाकली की 'गॅलक्सी' झाली, असा सोपा हिशेब असतो. पण ज्या चित्रांमुळे आपण अंतराळाच्या प्रेमात पडलो त्यांतले रंग कसे आले ते बघ. हबल दुर्बिणीच्या 1995 सालच्या गरुड तेजोमेघाच्या प्रसिद्ध चित्रात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. त्यांच्या मिश्रणातून तो ओळखीचा सोनेरी आणि मोरपिशी मेळ तयार झाला. निर्मातीला हे माहीत असेल तर तिच्या बाटलीत तांबूस-सोनेरी आणि मोरपिशी हमखास असतात, आणि तारे मोजके असतात. सगळीकडे सारखे तारे पेरलेला तेजोमेघ म्हणजे भिंतीवरचा कागद.

माझी सगळ्यांत आवडती युक्ती जेम्स वेब दुर्बिणीची आहे. 25 डिसेंबर 2021 रोजी ती उडाली. तिचा साडेसहा मीटरचा मुख्य आरसा 18 षटकोनी तुकड्यांचा आहे आणि त्यांवर सोन्याचा मुलामा आहे. म्हणजे सोनेरी षटकोनी चमकी हा तिचा आरसाच. गडद निळ्या जेलीसारख्या बेसमध्ये मोठे सोनेरी षटकोन विरळ घातले की लेबलावर एक अक्षरही लिहावं लागत नाही. असंच 'डॉक्टर हू' मालिकेतल्या त्या निळ्या ब्रिटिश पोलीस-खोक्याचं, ज्यातून एक गृहस्थ काळात फिरतात. तो निळा नेमका जमला पाहिजे. थोडा जरी जांभळ्याकडे झुकला तरी चाहत्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

नावं इतकी आडवळणाची का असतात, हे तुला खटकलं असेल. पात्रांची आणि मालिकांची नावं बहुधा नोंदणीकृत व्यापारचिन्हं (ट्रेडमार्क) असतात. घरून व्यवसाय करणारीला वकिलाचं पत्र नको असतं. म्हणून ती रंगाला एखाद्या दृश्यातला तिसराच शब्द देते. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि खरं सांगू, निम्मी मजा त्यातच आहे.

चमकीखेरीज या बाटल्यांत आणखी काही द्रव्यं असतात. होलोग्राफिक पॉलिशमधल्या कणांवर अतिसूक्ष्म रेघा असतात, त्या प्रकाश फोडून इंद्रधनुष्य दाखवतात. हे थेट उन्हात किंवा एकाच तेजस्वी दिव्याखाली दिसतं. ऑफिसच्या ट्यूबलाइटमध्ये तीच बाटली करडी वाटते. तेव्हा विकणारीच्या चित्रात इंद्रधनुष्य दिसलं तर सावलीतलं चित्र माग. जे कण तुकतुकीत पारदर्शक पापुद्र्यांसारखे दिसतात त्यांना फ्लेकी म्हणतात. ते काळ्यावर लावले तर पेटतात आणि पांढऱ्यावर लाजतात. तापमानानुसार रंग बदलणाऱ्या बाटल्यांचा मोह मात्र आवर. त्यांतले बरेचसे 30 अंशांच्या आसपास बदलतात. थंड देशात नखाचं टोक एका रंगाचं आणि बूड दुसऱ्या रंगाचं, असा सुंदर खेळ चालतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात तो रंग सकाळपासून रात्रीपर्यंत 'गरम' अवस्थेतच अडकून राहतो. त्यातलं रंगद्रव्य ऊन आणि उष्णतेने लवकर थकतंही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी काय ती गंमत.

खरेदीचा मामला सरळ नाही. नेलपॉलिश ज्वलनशील मालात मोडतं. अमेरिकेच्या टपाल खात्यातून ते परदेशी पाठवताच येत नाही, आणि खासगी कुरियरने पाठवायचं तर धोकादायक मालाचे नियम आणि खर्च लागतो. त्यामुळे 'आम्ही जगभर पाठवतो' असं कोणी म्हटलं तर कसं पाठवता, हे विचार. कागदावर काहीतरी भलतंच लिहून पाठवणारीकडून घेऊ नकोस. पार्सल अडकलं तर गेलं, आणि विमानात आग लागण्याचा धोका खरा आहे. प्रवाशाने स्वतःच्या वापराच्या प्रसाधनांसोबत थोड्या बाटल्या आणणं हा सरळ मार्ग. चेक-इन बॅगेत, प्रत्येक बाटली झिपच्या पिशवीत, मोज्यात गुंडाळून. सगळी प्रसाधनं मिळून दोन किलोची मर्यादा साधारणपणे असते, पण ती तुझ्या बहिणीच्या परफ्यूमसकट, हे विसरू नकोस. आणि दर खेपेला तिच्या बॅगेत डझनभर बाटल्या कोंबायच्या म्हटलं तर नाती ताणली जातात.

म्हणून माझा सल्ला: बाहेरून फक्त टॉपर मागव. टॉपर म्हणजे पारदर्शक बेसमधली चमकी, जी दुसऱ्या रंगावर लावायची असते. खालचा काळा, निळा, पांढरा, बाटलीहिरवा रंग इथे तुळशीबागेत कुठल्याही दुकानात मिळतो. एक फ्लेकी टॉपर काळ्यावर, गडद निळ्यावर आणि मरून रंगावर लावून बघ, तीन वेगळ्या बाटल्या वाटतील. ज्यांचा बेसच रंगीत आणि दुधाळ असतो, ज्यात चमकी खोल बुडालेली दिसते, त्या मात्र घरी जुळवता येत नाहीत. पैसे खर्च करायचेच तर तशा बाटलीवर कर.

लेबलावर 'थ्री-फ्री', 'फाइव्ह-फ्री', 'टेन-फ्री' असं लिहिलेलं असतं. पहिल्या तीनमध्ये टोल्यूईन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट नाहीत असा अर्थ रूढ आहे. पुढचे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या परीने मोजते, त्यामुळे दहा हे पाचाहून दुप्पट चांगलं असं काही नसतं. घटकांची पूर्ण यादी न देणारी निर्माती असेल तर मी बाटली परत ठेवते.

लावण्याबद्दल आता नीट सांगते, कारण खरखरीतपणा इथेच मिटतो. चमकीचं पॉलिश वाळताना द्रावक उडून जातं, फिल्म आक्रसते आणि तुकड्यांच्या कडा वर राहतात. एक जाड थर दिला की हा प्रकार वाढतो, शिवाय आतलं ओलं राहतं. म्हणून आधी साधा बेसकोट, म्हणजे नखावरचा पहिला पारदर्शक थर, मग खालचा रंग एक किंवा दोन पातळ थरांत, तो पुरता वाळू दे. त्यानंतर चमकी ब्रशने ओढायची नाही. ओढलं की मधले तुकडे कडेला जाऊन गोळा होतात. ब्रशवर थोडं पॉलिश घेऊन नखावर टेकवत जायचं, टिकल्या चिकटवल्यासारखं. मोठे गोल किंवा षटकोन असतील तर ते नखाच्या मधल्या सपाट भागावर ठेव. मोठ्या तुकड्याचं माप दीड मिलिमीटरपर्यंत जातं आणि करंगळीचं नख कितीसं रुंद असतं? कडेच्या उतारावर तो बसत नाही, एक कोपरा वर राहतो आणि पुढे तुझ्या कुर्त्यात, केसांत अडकत राहतो. तसा राहिलाच तर पॉलिश ओलं असताना संत्राकाडीच्या, म्हणजे नखांसाठीच्या बारीक लाकडी काडीच्या टोकाने हलकेच दाब. टूथपिकही चालते.

वर दोन वेगळे टॉपकोट, म्हणजे शेवटचे पारदर्शक थर, लागतात. पहिला जाडसर, चमकीच्या खाचा भरून काढणारा. तो वाळला की वरून झटपट वाळणारा, चकाकणारा. झटपट टॉपकोट एकटाच दिलास तर चमकी तो पिऊन टाकते आणि तासाभरात नख पुन्हा खरखरीत. शेवटच्या थरात ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरून फिरव, म्हणजे टोकाला पापुद्रा लवकर सुटत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे जिचा उल्लेख अमेरिकन बायकांच्या सल्ल्यात कधीच नसतो: आपण हाताने जेवतो. खरखरीत चमकीत वरणभात अडकतो, आणि हळद तर बोलूनचालून रंगच. हळदीतलं कुर्क्युमिन तेलात चटकन विरघळतं, म्हणून फोडणीच्या तेलाने पांढरा बेस आणि पारदर्शक टॉपकोट पिवळट होतात. गुळगुळीत टॉपकोट असेल तर डाग वरवर राहतो आणि दोन दिवसांनी नवा टॉपकोट दिला की बराचसा झाकला जातो. पांढऱ्या बेसच्या बाटल्या मी उजव्या हाताला लावतच नाही. डाव्या हाताला पांढरा आणि उजव्याला त्याच मालिकेतला गडद रंग, असं केलं तर मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

पावसाळ्यात वेगळी पंचाईत. द्रावक उडताना नखाचा पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. त्यामुळे टॉपकोट धुरकट, दुधाळ होतो. काळ्या तेजोमेघावर असं धुकं आलं की सगळी मेहनत वाया. जुलैत पॉलिश लावायचं तर पातळ थर, दोन थरांमध्ये भरपूर वेळ, आणि खिडकीजवळ न बसता कोरड्या खोलीत. पंख्याच्या झोताखाली हात धरू नकोस, झोताने वरची साय आधी वाळते आणि बुडबुडे येतात.

काढणं हे सगळ्यांत सोपं आहे, फक्त घासायचं नाही. कापसाचा नखाएवढा तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये भिजव, नखावर ठेव, वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळ. पाच ते दहा मिनिटं थांब. मग बोटाने दाबून, किंचित फिरवत फॉइल ओढ. सगळी चमकी कापसाबरोबर येते. अ‍ॅसिटोन नसलेला रिमूव्हर चमकीला पुरा पडत नाही. आधी बोटांच्या कातडीला थोडं खोबरेल लाव, नंतर नखांनाही. सोलून निघणारा बेसकोट मिळतो, पांढऱ्या गोंदासारखा. तो दोन दिवसांच्या समारंभासाठी उत्तम, कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-मालिकांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला जाताना मीही लावते. पण भांडी घासणाऱ्या हातांवर तो टिकत नाही, दुपारी पूर्ण नख सिंकमध्ये तरंगताना दिसतं.

ते सिंकमध्ये जाऊ न देणं मला महत्त्वाचं वाटतं. चमकी हे प्लॅस्टिकच आहे आणि तुकडे इतके बारीक की पाण्याबरोबर ते कुठेही जातात. युरोपीय संघाने 17 ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंधनं आणली. नखांच्या प्रसाधनांना 2035 पर्यंत मुदत दिली आहे आणि 2031 पासून बाटलीवर तशी सूचना छापावी लागेल. निर्मात्या आतापासून सेल्युलोजची चमकी वापरून बघताहेत. ती द्रावकात मऊ पडते की टिकते, हा खरा प्रश्न आहे. आपण काय करायचं, तर फॉइल कापसासकट घट्ट मिटून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं.

घरी बनवण्याबद्दल दोन भाग. स्वतःपुरती, तयार पारदर्शक पॉलिशमध्ये चमकी घालून मिश्रण करणं शक्य आहे आणि मजेचं आहे. पण तुळशीबागेतली किंवा हस्तकलेच्या दुकानातली चमकी थेट घालू नकोस. चिमूटभर चमकी एका काचेच्या छोट्या बाटलीत पारदर्शक पॉलिशबरोबर घालून पंधरा-वीस दिवस ठेव. रंग उतरला, तुकडे वळले किंवा चिकट झाले, तर ती रांगोळीला वापर. पॉलिशची बाटली अर्धी भरलेलीच घे, नाहीतर चमकीला जागा राहत नाही, आणि ढवळण्यासाठी आत दोन गंजरहित पोलादी गोळ्या टाक. साध्या लोखंडी छर्‍यांनी पांढरा बेस गंजाळतो. घट्ट झालं तर नेलपॉलिशचा थिनर दोन थेंब, रिमूव्हर कधीच नाही. हे सगळं गॅसपासून, निरांजनापासून, उदबत्तीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून. इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ उणे 4 अंश तापमानालाही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या घरात ती कायमच तयार असते. लॅपटॉपशेजारीही नको. अ‍ॅसिटोनचा एक थेंब कीबोर्डच्या प्लॅस्टिकवर कायमची खूण ठेवतो आणि तुझं पोट त्या कीबोर्डवर आहे.

विकायचं मनात असेल तर मात्र थांब. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन विक्रीसाठी बनवायला 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली परवाना लागतो, महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडे मागावा लागतो. जागा, उपकरणं, तांत्रिक माणूस, सगळं बघतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाटल्या भरून मैत्रिणींना विकणं त्यात बसत नाही. परदेशातून आणून इथे विकायलाही आयात नोंदणी लागते.

साठवणीचं थोडक्यात: बाटल्या उभ्या ठेव, उन्हापासून लांब, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. प्रत्येक वापरानंतर बाटलीचा गळा रिमूव्हरच्या कापसाने पूस. गळ्यावर चमकी साचली की झाकण नीट बसत नाही आणि द्रावक उडत राहतं. माझ्या पाहण्यात जुन्या बाटल्या वाया जातात त्या बहुतेक याच कारणाने. आणि संग्रह म्हणून न उघडलेल्या बाटल्या रांगेत मांडून ठेवणाऱ्यांतली होऊ नकोस. यातला एकही थर दहा-वीस वर्षं टिकावा म्हणून बनवलेला नसतो. लाव, संपव, रिकाम्या बाटलीचा फोटो काढ.

एक आडबाजूची सूचना: रुग्णालयात भरती व्हायचं असेल किंवा भूल द्यायची असेल तर आधी नखं कोरी कर. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र गडद, चमकीदार पॉलिशमधून चुकीचं वाचू शकतं.

आता तुझ्या दोन बाटल्या. काळी बाटली लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं उलटी ठेव आणि मग झाकण वर करून तळव्यांमध्ये फिरव. आधी साध्या काळ्या रंगाचा एक थर दे, म्हणजे त्या बाटलीचे तीन थर द्यावे लागणार नाहीत. मग तिचा एकच पातळ थर, आणि पिवळे गोल ब्रशने मासे पकडल्यासारखे शोधून काढून प्रत्येक नखावर एकच ठेव. पॅक-मॅन एका वेळी एकच असतो. पांढरे ठिपके ओळीत बसवायचा नाद करू नकोस, त्याला तुझा शनिवार जाईल. निळी-जांभळी बाटली बेसमध्ये दुधाळ आहे की पारदर्शक, ते उजेडात बघ. पारदर्शक असेल तर ती टॉपर आहे आणि तू ती बहुधा कोऱ्या नखावर थरावर थर देत बसलीस, म्हणून ती खरखरीत झाली. गडद मोरपिशी रंगावर एक थर टेकवून बघ, आणि वर जाडसर टॉपकोट. सावलीत बघ, मग गच्चीवर उन्हात. त्यात कुठे तांबूस-सोनेरी झाक निघाली तर बहिणीकडून त्या निर्मातीचं नाव विचारून घे, तिची पुढची बाटली न बघता मागवायला हरकत नाही.